सोलापूरहून ६ गाड्या, १७ माणसं, साताऱ्याच्या डोंगरात दोन रात्री तंबूत – जमेल का?

सातरस्ता_१३

नमस्कार मंडळी. वर्षभर इथं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही सोलापूरचे सहा मित्र, शाळेपासूनचे, सगळ्यांच्या दारात आता गाड्या आल्यात आणि दर रविवारी होटगी रोडला चहा पीत "एकदा डोंगरात जाऊ बे" एवढंच चालतं, पुढं काही सरकत नाही. या वेळी मात्र ठरवलंयच. गड्डा यात्रा (आमच्या सिद्धेश्वरांची) उरकली की २६ जानेवारीला जोडून सुट्टी काढायची, पहाटे चारला निघायचं, पंढरपूर-म्हसवड-दहिवडी-पुसेगाव करत सातारा गाठायचं आणि तिथून वर कास-बामणोलीच्या बाजूला दोन रात्री तंबू ठोकायचे असा प्लॅन करलालोत. साताऱ्यापर्यंत साधारण सव्वादोनशे किलोमीटर होतंय, म्हणजे चहापाणी धरून पाच तास.

गाड्या अशा – माझी थार, डिझेल, फोर बाय फोर. दुसरी एक थार आहे पण ती रिअर व्हील (दोन्ही दिसायला सारख्याच, त्यामुळे त्या गड्याला गाडी घेऊन सहा महिने झाल्यावर कळलं की आपल्या गाडीत तो फोर बाय फोरचा दुसरा दांडा नाहीच, असो). एक जिम्नी, एक जुनी बोलेरो, एक ब्रेझा आणि एक इनोव्हा. माणसं १७, त्यात चार पोरं सहा ते अकरा वयाची, आणि एकाचे वडील येतो म्हणून हट्ट धरून बसलेत, वय ६८, पण आमच्यापेक्षा फिट.

ऑफरोडिंगचा अनुभव म्हणाल तर शून्य. व्हिडिओ भरपूर बघितलेत. पठारावर मोकळं गवत दिसतं तिथं गाडी घालता येते का, परवानगी कुणाची लागते, टायरात हवा कमी करायची म्हणतात ती किती, आणि एक जण पुढं विंच (रुतलेली गाडी ओढून काढायचं दोरवालं यंत्र) बसवायचं म्हणतोय ते खरंच लागतं का? बाकी जे सुचेल ते सांगा. पोरांची आई मंडळी "आधी बाथरूमचं बोला" म्हणालीत, तेही सांगा.

अकलूज_४५

एवढं काय विचारताय राव, जावा की. जानेवारीत पठारावर फुलं नसतात, नुसतं वाळलेलं गवत असतंय, चार चाकं फिरली तर काय बिघडतंय. आम्ही मागं गेलेलो, कुणी अडवलं नाही. विंच नको, दोरी घ्या बास.

घाटमाथा_११

अकलूजकर, कुणी अडवलं नाही म्हणजे चालतं असं नसतं ओ.

मी सातारचाच, त्यामुळे जरा मोठं लिहितो, रागावू नका. आमचं पठार म्हणजे खाली सगळा जांभा दगड आणि त्याच्यावर बोटभर-वीतभर माती, कुठं कुठं तीही नाही. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत जी फुलं बघायला अख्खा महाराष्ट्र लोटतो ती सगळी जानेवारीत त्याच बोटभर मातीत असतात, कुणाचे कंद, कुणाचं बी. वरून बघणाऱ्याला वाटतं काही नाही, नुसतं गवत. त्याच्यावरून दोन टनाची गाडी गेली की माती दाबली जाते, पहिल्या पावसात त्या चाकोरीतून पाणी धावतं आणि उरलेली मातीही घेऊन जातं, मग खाली फक्त दगड. अशा चाकोऱ्या मी स्वतः वर्षानुवर्षं बघतोय, भरत नाहीत. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते, तिच्यावरून एक रविवार गाडी फिरवायची म्हणजे काय झालं याचा विचार करा. कास हे २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं, सोबत कोयना, चांदोली, राधानगरी. तिथं रस्ता सोडून चाक खाली उतरवायचंच नाही. विषय संपला.

दुसरं, बामणोलीच्या पलीकडं कोयनेच्या पाण्यापल्याड जे जंगल दिसतं ते कोयना अभयारण्य, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. तिथं वासोटा किल्ला करायचा असेल तर बामणोलीत वनखात्याची परवानगी काढायची, बोटीनं जायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं. मुक्काम नाही म्हणजे नाही. विनापरवाना आत गेलात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली केस होते, आणि गाडीसकट गेलात तर गाडीही अडकते.

मग करायचं काय, तर अलीकडच्या काठाला वाड्या-वस्त्यांवर लोकांनी स्वतःच्या जमिनीत तंबूची सोय केलीय, बॅकवॉटरला लागून. आधी फोन करून एक अशी जागा धरा जिथं जायला शेवटचे तीन-चार किलोमीटर कच्चा रस्ता आहे. दगड, लाल माती, दोन-तीन ओढे, एखादा उभा चढ. पहिल्या वेळेला तेवढं पुष्कळ होतं, घाम निघतो. आणि जमीनमालकाला विचारून त्याच्या पडीक रानात पोरांना, म्हणजे तुम्हाला, थोडं खेळता येतं.

आणखी एक, तिथं पाणी मागं सरकलं की काठाची जमीन उघडी पडते, भेगाळलेली, वाळलेली, एकदम मैदान. त्यात गाडी घालायचा मोह होतोच. वर पापुद्रा असतो आणि खाली लोणी. उजनीच्या काठाला गाडी घातलेला कुणी ओळखीचा असेल तर त्याला विचारा.

मुरूमखाण

घाटमाथा बरोबर बोलले. मी फक्त टायरचं सांगतो कारण त्यात लोक व्हिडिओ बघून वाट लावून घेतात. ते १५-१८ पीएसआय वगैरे वाळूसाठी. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांब पसरतो, रुतत नाही, बरोबर आहे, पण तुम्ही चाललाय दगडात. तिथं फार कमी केली तर टायरची बाजू फुगून बाहेर येते आणि धारेच्या दगडानं कापली जाते, आणि बाजूला कापलेल्या टायरला पंक्चरचा काही उपयोग नाही, टायरच बदलायचा. रस्त्यावर ३३-३५ असेल तर कच्च्यावर २५-२६ ला या, बास.

आता गंमत ऐका. सहा गाड्या, चोवीस टायर. परत डांबरीला लागताना हवा भरायची. लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा कंप्रेसर एका टायरला पाच मिनिटं खातो आणि आठ-दहा टायर झाले की तापून बसतो. म्हणजे एक कंप्रेसर असेल तर दोन तास नुसतं टर्रर्र ऐकत उभं राहायचं, पोरं रडणार, बायका बघणार. किमान तीन कंप्रेसर घ्या. आणि हवा न भरता हायवेला लागू नका, कमी हवेचा टायर ८०-१०० च्या स्पीडला तापतो आणि फुटतो.

विंच नको. पहिल्या ट्रिपला विंच म्हणजे न पोहणाऱ्यानं होडी विकत घ्यायची.

काळीमाती

मंद्रूपकडचा आहे, रान आहे घरचं. दोरी घ्या बास म्हणणाऱ्या अकलूजकर पाहुण्यांसाठी माझी एक गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात, पाऊस उघडून दोन दिवस झालेले, मी शहाण्यानं बांधावरून गाडी खाली रानात घातली. फोर बाय फोर आहे म्हणून. आपली काळी माती तुम्हाला सांगायला नको, टायरच्या सगळ्या खाचा भरून चाक गुळगुळीत पोळपाटासारखं होतं, मग फोर बाय फोर म्हणजे चारी चाकं एकाच वेळी फिरतात एवढंच. मी ॲक्सिलरेटर देत गेलो आणि गाडी खाली जात गेली, शेवटी पोट टेकलं. चुलत्याला फोन केला, चुलता ट्रॅक्टर घेऊन आला, सोबत लोखंडी साखळी. साखळी अडकवली कुठं, तर बंपरखाली जो छोटा हुक असतो त्याला, जो गाडी ट्रकवर बांधून न्यायला दिलेला असतो, ओढायला नाही. चुलत्यानं ढिली साखळी ठेवून एकदम झटका दिला. साखळी तुटली नाही बे, हुकच उपटला. साखळीच्या टोकाला तो हुक तसाच सुंय करून ट्रॅक्टरकडं गेला आणि चुलत्याच्या डोक्यावरून पलीकडं पेरूच्या झाडात घुसला. खोडात. काढायला पहार लागली. चुलता खाली उतरला, झाडाकडं बघितला, माझ्याकडं बघितला आणि काहीच बोलला नाही, चालत घरी गेला. तसा तो शिव्या दिल्याशिवाय राहणारा माणूस नाही.

त्यामुळे ऐका. साखळी नाही, वायररोप नाही. ताणला जाणारा जाड नायलॉनचा रिकव्हरी रोप घ्या, तो ताणून हळूहळू ओढतो, झटका अंगावर येत नाही. गाडीच्या चासीला असलेल्या पक्क्या ठिकाणालाच शॅकलनं (पिनवाली जाड लोखंडी कडी) अडकवायचा, ट्रेलरच्या गोळ्याला कधीच नाही, तो गोळा तुटून उडाला तर तोफगोळा होतो. ओढताना माणसं दोराच्या लांबीच्या दीडपट लांब. आणि दोराच्या मधोमध एक जड काहीतरी टाकायचं म्हणजे तुटलाच तर दोर जमिनीवर आपटतो, उडत नाही. त्याला बाजारात वेगळी पिशवी मिळते म्हणे, आम्ही आपली सोलापुरी चादर टाकतो, पाण्यात भिजवून पिळून. डबल विणीची असली तर उत्तम. आजीला सांगितलं नाही अजून चादर कशाला नेतो ते.

आणि हे सगळं तिथं जाऊन पहिल्यांदा करू नका. एखाद्या रविवारी कुणाच्या तरी रानात किंवा मुरमाच्या बंद खाणीत मालकाला विचारून या सगळे. मुद्दाम रुतवा, मुद्दाम काढा. चढावर फोर लो (चारी चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) टाकायचा कधी, उतारावर पहिल्या गिअरला क्लच न दाबता इंजिनवर गाडी कशी सोडायची, हे घरच्या मातीत शिका. आपल्या मातीतून निघालात तर सातारच्या दगडातून निघालच.

सातरस्ता_१३

काळीमाती भाऊ, पेरूचं झाड वाचून हसू आलं आणि मग पोटात गोळाही आला, कारण आमच्याकडं पण ट्रॅक्टरची साखळीच भरून ठेवलीय डिकीत. काढतो आज.

घाटमाथा सर, पठाराचं खरंच माहीत नव्हतं. ग्रुपवर तुमचा मेसेज तसाच्या तसा टाकला. दोघं गप्प झालेत, एक जण म्हणतोय मग जायचंच कशाला. बघू.

एक विचारायचं राहिलं, ब्रेझा आणि इनोव्हा कच्च्यावर येतील का? आणि ती रिअर व्हील थार?

घाटमाथा_११

सहा गाड्या नकोत. हे मी पहिल्यांदाच लिहायला पाहिजे होतं. ब्रेझा आणि इनोव्हा डांबरी जिथं संपते त्या वाडीत कुणाच्या तरी अंगणात लावा, शे-दोनशे रुपये द्या, चहा पण मिळतो. माणसं-सामान बाकी चार गाड्यांतून दोन फेऱ्यांत न्या. रिअर व्हील थार उंच आहे, पोट लागणार नाही, कोरड्या रस्त्यावर येईल, फक्त तिला मधोमध ठेवा आणि चढावर ती मागं राहिली तर हसू नका. बोलेरोवाला जुना ड्रायव्हर असेल तर तो तुम्हा सगळ्यांपेक्षा आधी पोचेल, आमच्याकडं दूधवाले त्याच गाड्यांनी रोज येतात-जातात. जिम्नी हलकी आहे, साधारण १२०० किलो, ती सगळ्यात शेवटी ठेवा असं लोक म्हणतात, मी म्हणतो पुढं ठेवा, रुतली तर चौघं मिळून ढकलता येते. तुमची थार शेवटाला, दोर तुमच्याच गाडीत.

चालवताना एकच नियम पाळा, आरशात मागची गाडी दिसली पाहिजे, वळणावर दिसेनाशी झाली की थांबायचं. आणि उभ्या चढावर एका वेळी एकच गाडी, वरची गाडी वर पोचून आवाज देईपर्यंत खालच्यानं हलायचं नाही. दरीत मोबाइल चालेल या भरवशावर राहू नका. वॉकीटॉकी घेणार असाल तर ४४६ मेगाहर्ट्‌झवाले, परवाना न लागणारे घ्या, ऑनलाइन जे स्वस्तात पाच वॅटचे मिळतात त्याला लायसन लागतं.

डिझेल साताऱ्यात फुल करा. लो गिअरमध्ये ॲव्हरेज निम्म्यावर येतं.

अजून एक, वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. सायलेन्सर तापलेला असतो, त्यात नवीन डिझेल गाड्या अधूनमधून धुराच्या फिल्टरमधली काजळी आपोआप जाळून साफ करतात तेव्हा तर भट्टीच होते खाली. जानेवारीत एका ठिणगीला अख्खा डोंगर जातो, वणवा कुणी लावला ते मग गावकरी शोधत बसतात.

कडकभाकरी

बाथरूमचं कुणी बोललंच नाही, मला वाटलंच होतं.

मी जुळे सोलापूरची, दोनदा गेलेय अशा ट्रिपला, एकदा नवऱ्याच्या ग्रुपबरोबर आणि एकदा फक्त आम्ही बायका, दुसरी जास्त चांगली झाली. जागा ठरवताना फोनवर स्पष्ट विचारा, संडास किती, पाणी कुठून येतं, रात्री लाइट असतो का, तंबूपासून किती पावलं. "सगळी सोय आहे ताई" हे उत्तर नाही. फोटो मागवा. रात्री दोनला सहा वर्षांच्या मुलीला घेऊन टॉर्चच्या उजेडात तुम्हीच जाणार नाही आहात, आम्हीच जाणार आहोत.

पाणी – प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी चार लिटर रोजचं धरा, १७ माणसं दोन दिवस म्हणजे १३६ लिटर, सात जार. खालून भरून न्या. ज्या गावात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं तिथल्या बायकांना पाणी पुरवून वापरायला शिकवायला नको, पुरुषांना मात्र सांगा की तोंड धुताना जार उपडा करायचा नसतो.

जेवण – पहिल्या दिवशी मटणाचा घाट घालू नका. पोचायला उशीर होणारच, कुणी ना कुणी रुतणारच. कडक भाकरीच्या दोन चवडी, शेंगाचटणी, धपाटे, दही वाटेत घ्या. कडक भाकरी आठ दिवस काही होत नाही आणि पोरं चिप्ससारखी खातात. शेंगापोळी सकाळच्या चहाला. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या बाईंना सांगून तिथलीच भाजी-भाकरी घ्या, तिलाही चार पैसे मिळतात. हुरड्याचे दिवस आहेत, जाताना दोन किलो घेऊन ठेवा, पण भाजायला आगटी कुठं करायची ते आधी जमीनमालकाला विचारा.

थंडी – आपण चाळीस-बेचाळीसला कुरकुर न करणारी माणसं, पण दहा डिग्रीला आपली बोबडी वळते. पाण्याकाठी दव पडतं, तंबू आतून ओला होतो. खालून थंडी येते, वरून नाही, म्हणून पांघरुणापेक्षा अंथरूण जाड न्या. आणि कितीही थंडी वाजली तरी तंबूत शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं घ्यायचं नाही. धूर दिसत नाही पण बंद तंबूत विषारी वायू साठतो, वास येत नाही, माणूस झोपेतच जातो. आजोबा हमखास म्हणतील "आमच्या वेळी घेत होतो", तेव्हा घराला फटी होत्या म्हणावं.

सकाळी बूट झटकून घाला, विंचू असतात.

घाटमाथा_११

ताईंनी आगटीचं काढलं म्हणून आठवलं. चूल पेटवायच्या आधी मान वर करून बघा. कड्याला, मोठ्या झाडाला आग्या मोहोळ लटकलेलं असेल तर तिथं धूर करायचा नाही, अत्तर-बॉडीस्प्रे नाही, गाणी नाही. आग्या माश्या उठल्या की पळायला जागा पुरत नाही, पाण्यात उडी मारली तरी वर घिरट्या घालत बसतात. उठल्याच तर तोंड झाकून गाडीत बसून काचा वर. १०८ चा नंबर पोरांनाही पाठ करून द्या, आणि रेंज कुठल्या वळणावर येते ते जातानाच बघून ठेवा.

पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची यात्रा डिसेंबर-जानेवारीतच कधीतरी येते, तारीख बघून निघा, नाहीतर पाच तासांचे आठ होतील.

अकलूज_४५

बरं, गवताचं मी मागं घेतो. आमच्या चाकोऱ्या अजून असतील तिथं, काय बोलायचं आता.

पण विंच नको हे मी पण म्हणालेलो, तेवढं मोजा.

सातरस्ता_१३

मोजलं 😄

काल रात्री सगळे बसलो. ठरलेलं असं – चारच गाड्या वर, दोन वाडीत. विंच रद्द, त्या पैशात दोन रिकव्हरी रोप, चार शॅकल, तीन कंप्रेसर. जागेला फोन केला, संडास दोन, फोटो मागवला, आला, बायकांनी बघून "एक ठीक आहे, दुसऱ्याला कडी नाही" असा निकाल दिला, मालक कडी बसवतो म्हणालाय. पुसेगावची तारीख आजोबांना पाठ होती, विचारायच्या आधीच सांगितली.

येत्या रविवारी काळीमाती भाऊंच्या मंद्रूपच्या रानात यायचं म्हणालोत, त्यांनी व्यक्तिगत मेसेजवर हो म्हटलंय, फक्त एकच अट घातली, पेरूच्या बाजूला गाडी लावायची नाही. चादर आमच्याकडून.

काळीमाती

दोन आणा. एक दोरावर टाकायला, एक चुलत्याला.